अमेरिकेची राज्यघटना मुळातून कशी वाचावी

अमेरिकेची राज्यघटना लहान आहे. १७८७ चा मूळ मजकूर साधारण साडेचार हजार शब्दांचा, चार मोठ्या चर्मपत्रांवर मावलेला. सलग वाचला तर पाऊण तासात संपतो. तरी बरेच जण पहिल्या अनुच्छेदाच्या मध्यावरच गळतात, आणि भाषा जुनी असल्यामुळे असं झालं, अशी स्वतःची समजूत घालतात. भाषेचा दोष थोडाच. या मजकुरात उत्तरं छापलेली आहेत, प्रश्न छापलेले नाहीत. सैन्यासाठी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पैसा मंजूर करता येणार नाही, हे वाक्य नुसतं वाचलं तर हिशेबनिसाची कटकट वाटते. ते कोणाच्या भीतीने लिहिलं हे कळलं की त्याच वाक्याला धार येते.

म्हणून इथे दिलेली पद्धत उलटी आहे: आधी तक्रारी गोळा करायच्या, मग फसलेला पहिला प्रयोग तपासायचा आणि घटना तिसऱ्या क्रमांकावर उघडायची.

जवळ काय ठेवायचं

तीन मजकूर लागतात. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८१ मध्ये अमलात आलेले 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' म्हणजे राज्यसंघाचा करारनामा, आणि सत्तावीस दुरुस्त्यांसकट राज्यघटना. तिन्ही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि सगळे मिळून बारा-तेरा हजार शब्दांच्या पुढे जात नाहीत. शक्यतो कागदावर छापून घ्या, कारण तिन्ही शेजारी शेजारी पसरायचे आहेत आणि समासात लिहायचं आहे. घटनेची प्रत घेताना एक पाहा: नंतरच्या दुरुस्त्यांनी रद्द झालेला भाग वेगळा दाखवलेला असावा. ही खूण नसेल तर सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडतात, असं तुम्ही वाचाल आणि ते खरं धराल. ती पद्धत १९१३ मध्ये सतराव्या दुरुस्तीने संपली.

संदर्भ देण्याची रीतही आधीच ठरवून टाका. सात अनुच्छेद, त्यांच्या आत कलमं, कलमांच्या आत खंड. 'अनुच्छेद १, कलम ८, खंड ३' असं लिहिलं की कोणालाही नेमकं वाक्य सापडतं. खंडांचे आकडे मूळ चर्मपत्रावर नाहीत, ते सोयीसाठी मागाहून दिलेले आहेत.

दोन शब्दांशी सुरुवातीलाच हिशेब चुकता करा. काँग्रेस म्हणजे इथे पक्ष नव्हे, विधिमंडळ. त्यातही १७८९ पूर्वीची काँग्रेस म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची एकसदनी सभा, आणि नंतरची म्हणजे प्रतिनिधिगृह व सिनेट मिळून बनलेली. जुन्या कागदात 'काँग्रेस' दिसलं की आधी साल बघायचं. दुसरा शब्द 'स्टेट'. आज आपण त्याचा अर्थ घटकराज्य घेतो, पण १७७६ मध्ये व्हर्जिनियाचा माणूस 'स्टेट' म्हणताना जवळपास स्वतंत्र देशच म्हणत होता. हा अर्थ डोक्यात ठेवला नाही तर फिलाडेल्फियात घटना लिहिताना झालेली निम्मी भांडणं पोरकट वाटतात.

पहिली पायरी: जाहीरनामा मधून वाचा

सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत, जगण्याचा, स्वातंत्र्याचा आणि सुखाच्या शोधाचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही, सरकारची सत्ता शासितांच्या संमतीतून येते. हा दुसरा परिच्छेद सगळ्यांना पाठ असतो. जॉन लॉकने शंभर वर्षं आधी मांडलेले विचार त्यात स्पष्ट दिसतात. तो एकदा वाचा आणि पुढे सरका. आपल्या कामाचा भाग त्यानंतरचा आहे: ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जविरुद्धच्या सत्तावीस तक्रारींची यादी. त्यांना १ ते २७ आकडे घाला. मग घटना हाताशी घेऊन प्रत्येक तक्रारीचं उत्तर शोधा आणि दोन्हींना एकच आकडा द्या.

उदाहरणार्थ, राजाने न्यायाधीशांची नोकरी आणि पगार दोन्ही आपल्या मर्जीवर ठेवले, ही तक्रार घ्या. तिचं उत्तर अनुच्छेद ३, कलम १ मध्ये आहे. न्यायाधीश सद्वर्तन असेतोवर पदावर राहतील आणि त्या काळात त्यांचा पगार कमी करता येणार नाही. शब्द नीट बघा: 'बदलता येणार नाही' असं म्हटलेलं नाही, 'कमी करता येणार नाही' असं म्हटलं आहे. वाढवायला मुभा आहे, कारण महागाई वाढते हे त्या मंडळींना माहीत होतं. आता हेच अनुच्छेद २, कलम १ मधल्या राष्ट्राध्यक्षाच्या पगाराशी ताडून पाहा. तिथे मुदत चालू असताना पगार वाढवताही येत नाही आणि घटवताही येत नाही. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची, न्यायाधीशाची कदाचित तीस वर्षांची. शिवाय राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसने पैशाने लाडावूही नये. एका तक्रारीचा माग काढला की दोन वाक्यांतला एवढा फरक हाती लागतो.

आणखी काही जोड्या पटापट सापडतील. शांततेच्या काळात विधिमंडळाला न विचारता सैन्य ठेवलं, या तक्रारीला सैन्यखर्चाची ती दोन वर्षांची अट (अनुच्छेद १, कलम ८). लोकांच्या घरांत सैनिक घुसवले, तर तिसरी दुरुस्ती. खटल्यासाठी समुद्रापार नेलं, तर गुन्हा जिथे घडला त्याच राज्यात ज्यूरीसमोर खटला (अनुच्छेद ३, कलम २). परदेशी लोकांना नागरिकत्व देणारे कायदे अडवले, तर ते अधिकार काँग्रेसकडे. राजाने कायद्यांना संमती नाकारली, याचं उत्तर अनुच्छेद १, कलम ७ मध्ये आहे आणि ते सावकाश वाचण्यासारखं आहे. राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार दिला, पण रविवार वगळून दहा दिवसांत आक्षेप लिहून विधेयक परत पाठवायचं. गप्प बसला तर विधेयक आपोआप कायदा होतं. मात्र मधल्या काळात काँग्रेसचं अधिवेशनच संपलं तर ते मरतं. परत आलेलं विधेयक दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं तर राष्ट्राध्यक्षाचा नकार निकालात निघतो.

राजाने सभागृहं वारंवार बरखास्त केली, या तक्रारीचं उत्तर शोधताना अनेकांची गाडी अडते, कारण उत्तर म्हणजे एक अनुपस्थिती आहे. घटनेत बरखास्तीचा अधिकारच नाही. फार तर दोन सभागृहांचं तहकुबीच्या वेळेवर एकमत झालं नाही तर राष्ट्राध्यक्ष ती वेळ ठरवू शकतो (अनुच्छेद २, कलम ३), आणि हा अधिकार आजवर कोणी वापरलेला नाही. काय लिहिलेलं नाही याचीही नोंद समासात करण्याची सवय इथूनच लावा.

शेवटची, सत्ताविसावी तक्रार वगळू नका. तिथे मूळ रहिवाशांना निर्दयी रानटी म्हटलं आहे. 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्या कागदाच्या शेवटाकडे हे वाक्य आहे. थॉमस जेफरसनने लिहिलेल्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा उतारा होता, तो काँग्रेसने कापला. या दोन गोष्टी माहीत असल्या की पुढे घटनेतलं मौन ओळखू येतं.

दुसरी पायरी: फसलेला करारनामा

राज्यसंघाचा करारनामा काँग्रेसने नोव्हेंबर १७७७ मध्ये स्वीकारला, पण मेरीलँड अडून बसल्यामुळे तो अमलात यायला १ मार्च १७८१ उजाडला. हा वाचताना एकच प्रश्न विचारत राहा: या सरकारला काय करता येत नव्हतं?

कर लावता येत नव्हता, राज्यांकडे नुसती मागणी करायची. ती पुरी झाली नाही तर वसुलीचं काही साधन नव्हतं. परदेशी आणि राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करता येत नव्हतं. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नव्हता, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नव्हती. प्रत्येक राज्याला, मोठं असो की चिमुकलं, एक मत. युद्ध, तह, पैसा अशा महत्त्वाच्या बाबतींत तेरापैकी नऊ राज्यांची संमती लागे, आणि करारनाम्यातच बदल करायचा तर तेराच्या तेरा. खरं घोडं इथे पेंड खात होतं. १७८१ मध्ये आयातीवर पाच टक्के जकातीचा प्रस्ताव आला, तो ऱ्होड आयलंडने एकट्याने पाडला. १७८३ मध्ये सुधारून पुन्हा मांडला, या वेळी न्यूयॉर्कने आडवा पाय घातला. युद्धाचं कर्ज डोक्यावर, आणि एका राज्याच्या 'नाही'वर तिजोरी रिकामी.

सप्टेंबर १७८६ मध्ये अॅनापोलिसला व्यापाराच्या प्रश्नावर बैठक बोलावली, तर पाच राज्यांचे बाराच प्रतिनिधी पोचले. त्यांनी पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात मोठी परिषद भरवण्याची शिफारस केली. त्याच हिवाळ्यात पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांखाली दबलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नावाने ओळखलं जाणारं बंड केलं. न्यायालयं बंद पाडली आणि जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर चाल केली. ते मोडायला राज्याच्याच फौजेचा आधार घ्यावा लागला. मध्यवर्ती सरकारच्या हाती काही नव्हतं.

इथे एक सावधगिरी. करारनाम्याला सरसकट टाकाऊ ठरवू नका. त्याच सरकारच्या नावावर १७८३ चा पॅरिसचा तह आहे, आणि ओहायो नदीच्या वायव्येकडे गुलामगिरीला मज्जाव करणारा १३ जुलै १७८७ चा अध्यादेशही. शिवाय घटनाकारांनी त्यातून बरंच उचललं. करारनाम्याचा चौथा अनुच्छेद आणि घटनेचा चौथा अनुच्छेद शेजारी ठेवा: दुसऱ्या राज्याच्या न्यायालयीन कागदपत्रांना मान्यता, पळालेल्या गुन्हेगाराला परत देणं, परराज्यातल्या नागरिकांचे हक्क, सगळं तिथे आधीच आहे.

तिसरी पायरी: परिषदेचं वेळापत्रक समोर ठेवा

फिलाडेल्फियाची परिषद १४ मे १७८७ ला भरायची होती. गणपूर्ती झाली २५ मे ला. बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी आले, ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. कामकाज गुप्त. १७ सप्टेंबरला ३९ जणांच्या सह्या झाल्या. हजर असूनही एडमंड रँडॉल्फ, जॉर्ज मेसन आणि एल्ब्रिज गेरी यांनी सही केली नाही. जेफरसन त्या वेळी पॅरिसला होता आणि जॉन अॅडम्स लंडनला. घटना जेफरसनने लिहिली असं कुठे दिसलं तर तो मजकूर तिथेच बाजूला ठेवायला हरकत नाही.

सगळे दिवस सारखे महत्त्वाचे नाहीत. २९ मे ला व्हर्जिनिया योजना आली: दोन सभागृहं, दोन्हींत प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या किंवा करभरण्याच्या प्रमाणात. १५ जूनला पॅटर्सनने न्यू जर्सी योजना मांडली: एक सभागृह, राज्याला एक मत, पण कर आणि व्यापाराचे अधिकार वाढवून. आणि १६ जुलैला कनेक्टिकटची तडजोड: प्रतिनिधिगृहात लोकसंख्या, सिनेटमध्ये समानता. हे मतदान जवळून बघा. पाच राज्यं बाजूने, चार विरुद्ध, मॅसॅच्युसेट्सची मतं दुभंगलेली. तेरापैकी दहाच राज्यांची नोंद का? ऱ्होड आयलंड आलंच नव्हतं, न्यू हॅम्पशायरचे लोक अजून वाटेत होते आणि न्यूयॉर्कचे दोघे वैतागून निघून गेले होते; तिसरा हॅमिल्टन, त्याचं एकट्याचं मत धरलं जात नव्हतं. आजची सिनेट एका मताच्या फरकावर उभी राहिली. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या डेलावेअरच्या सुमारे बारापट भरली, यावरून व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनला ही तडजोड किती झोंबली असेल याचा अंदाज येतो.

दुसरी तडजोड तीन-पंचमांशाची, आणि तिच्याबद्दल घोटाळा फार. गुलामांना तीन-पंचमांश मत मिळालं असं काही जण समजतात. त्यांना मत मुळीच नव्हतं. प्रश्न जागावाटपासाठी डोकी मोजण्याचा होता. गुलामांचे मालक असलेल्या राज्यांना ते पूर्ण मोजून हवे होते, म्हणजे जागा वाढतील. विरोधकांना ते मोजायचेच नव्हते. तीन-पंचमांश हा आकडाही तिथे सुचलेला नाही; राज्यांच्या वर्गणीसाठी १७८३ मध्ये सुचवलेल्या, पण मंजूर न झालेल्या दुरुस्तीतून तो उचलला. या मोजणीने दक्षिणेला प्रतिनिधिगृहात जास्त जागा मिळाल्याच, शिवाय राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळातही वजन वाढलं, कारण तिथली संख्या सिनेटर आणि प्रतिनिधी यांच्या बेरजेवर ठरते.

आता मूळ मजकुरात 'स्लेव्ह' हा शब्द शोधा. सापडणार नाही. अनुच्छेद १, कलम २ मध्ये 'इतर सर्व व्यक्ती', कलम ९ मध्ये 'अशा व्यक्तींची आयात', अनुच्छेद ४ मध्ये 'सेवेस बांधलेली व्यक्ती'. कलम ९ ने १८०८ पर्यंत गुलामांची आयात थांबवायला बंदी केली, आणि अनुच्छेद ५ ने त्या बंदीला तोवर दुरुस्तीपासूनही संरक्षण दिलं. गुलामगिरी हा शब्द घटनेत पहिल्यांदा येतो तो ती संपवताना, १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत. म्हणून शब्द शोधून घटना वाचू नका. शब्दकोशासारखा शोध घेतला तर लोकशाही, राजकीय पक्ष, मंत्रिमंडळ, सत्ताविभाजन यांपैकी काहीच सापडणार नाही. 'नॅशनल' हा शब्दही २० जूनला मुद्दाम काढून त्या जागी 'युनायटेड स्टेट्स' घातला गेला.

चौथी पायरी: घटना, पण शेवटाकडून

अनुच्छेद ७ आधी वाचा. एकच वाक्य: नऊ राज्यांच्या परिषदांनी मान्यता दिली की त्या राज्यांपुरती घटना लागू. दुसऱ्या पायरीतलं 'तेराच्या तेरा' आठवलं की या वाक्याचं धाडस कळतं. जुना करार त्याच्याच नियमाने बदलणं अशक्य होतं, म्हणून नियमच ओलांडला, आणि ओलांडताना विधिमंडळांऐवजी लोकांनी निवडलेल्या खास परिषदांकडे गेले. कारण व्यवहारी होतं तसं तात्त्विकही. विधिमंडळं आपलेच अधिकार कमी करायला राजी झाली नसती, आणि एका विधिमंडळाने दिलेली संमती पुढचं विधिमंडळ मागे घेऊ शकलं असतं. लोकांनी थेट दिलेली संमती वरच्या दर्जाची. शासितांची संमती हे जाहीरनाम्यातलं तत्त्व प्रत्यक्ष कार्यपद्धती बनून इथे आलं.

मग उद्देशिका. ६ ऑगस्टच्या मसुद्यात 'आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स...' अशी तेरा राज्यांची यादी होती. सप्टेंबरमध्ये गव्हर्नर मॉरिसच्या हाताखालून निघालेल्या मसुद्यात 'आम्ही, युनायटेड स्टेट्सचे लोक' आलं. (गव्हर्नर हे त्याचं नाव आहे, पद नव्हे.) भव्य वाटणाऱ्या या बदलामागे एक साधी अडचणही होती: नऊ राज्यं कोणती असतील हे माहीत नसताना तेरा नावं लिहिणार कशी?

त्यानंतर अनुच्छेद १ ते ३ च्या पहिल्या ओळी एकाखाली एक उतरवून काढा. पहिल्यात 'यात दिलेले सर्व वैधानिक अधिकार' काँग्रेसकडे. दुसऱ्यात 'कार्यकारी अधिकार' राष्ट्राध्यक्षाकडे. तिसऱ्यात 'न्यायिक अधिकार' न्यायालयांकडे. 'यात दिलेले' हे शब्द फक्त काँग्रेसच्या वाट्याला आले आहेत. राष्ट्राध्यक्षाचे अधिकार यादीपुरतेच की यादीपलीकडेही, हा वाद या दोन शब्दांभोवती आजही फिरतो.

आता तीन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि अनुच्छेद १ ची कलमं ८, ९, १० रंगवा. कलम ८ मधले १८ खंड म्हणजे काँग्रेसला काय करता येतं: कर, कर्ज, व्यापार, नाणी, टपाल, युद्ध. कलम ९ म्हणजे काँग्रेसला काय करता येत नाही: बंड किंवा आक्रमणाशिवाय हेबियस कॉर्पस (अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावण्याचा हक्क) स्थगित करणं, खटला न चालवता कायद्यानेच कोणाला दोषी ठरवणं, मागच्या तारखेने गुन्हे ठरवणं. कलम १० म्हणजे राज्यांना काय करता येत नाही: तह करणं, नाणी पाडणं, कर्जाचे करार मोडणारे कायदे करणं. हा शेवटचा मुद्दा शेजच्या बंडाच्या काळातल्या कर्जमाफीच्या धडपडीला उद्देशून आहे. रंगवून झालं की करारनाम्यातलं 'करता येत नाही'चं पान काढा आणि कोणता खंड कोणतं भोक बुजवतो ते लिहा.

अनुच्छेद २ आणि ३ छोटे आहेत. मतदारमंडळाची मूळ कृती वाचताना गोंधळलात तर बाराव्या दुरुस्तीकडे (१८०४) उडी मारा. जुनी कृती १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि अॅरन बर यांना समान मतं पडल्यावर कोलमडली होती. अनुच्छेद ३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात किती न्यायाधीश असावेत हे दिलेलं नाही. १७८९ च्या कायद्याने सहा ठरवले, १८६९ पासून नऊ आहेत. न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवू शकतं, हेही शब्दांत कुठे नाही. ते १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात आलं.

अनुच्छेद ५ साठी एक छोटी आकडेमोड करा. दुरुस्ती सुचवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, किंवा दोन तृतीयांश राज्यांच्या मागणीवरून परिषद. मान्यतेला तीन चतुर्थांश राज्यं. आज पन्नास राज्यांत हे आकडे ३४ आणि ३८ होतात, म्हणजे १३ राज्यं कोणतीही दुरुस्ती रोखू शकतात. पूर्वी एक राज्य रोखू शकत होतं. परिषद बोलावून दुरुस्ती सुचवण्याचा मार्ग एकदाही वापरला गेला नाही.

एका शब्दाचा माग: 'स्पष्टपणे'

पद्धत जमली की नाही हे तपासायला हा सराव उत्तम. करारनाम्याच्या दुसऱ्या अनुच्छेदात म्हटलं होतं की, काँग्रेसला 'स्पष्टपणे' सोपवलेले नाहीत ते सर्व अधिकार राज्यांकडे राहतात. आता दहावी दुरुस्ती काढा. घडण तीच, पण 'स्पष्टपणे' गायब. चूक नव्हे. १७८९ मध्ये प्रतिनिधिगृहात तो शब्द परत घालण्याची सूचना आली होती. मॅडिसनने विरोध केला आणि ती फेटाळली गेली. प्रत्येक बारीकसारीक अधिकार शब्दांत लिहून सरकार चालत नाही, हा त्याचा मुद्दा. तिसरा थांबा कलम ८ चा शेवटचा खंड: दिलेले अधिकार राबवायला 'आवश्यक आणि योग्य' असे कायदे करण्याची मुभा. चौथा थांबा १८१९ चा मॅक्युलॉक विरुद्ध मेरीलँड खटला. राष्ट्रीय बँक काढण्याचा अधिकार घटनेत लिहिलेला नाही, मग बँक वैध कशी? सरन्यायाधीश मार्शलने याच गाळलेल्या शब्दाकडे बोट दाखवलं. एका क्रियाविशेषणासाठी चार कागद उघडावे लागले, पण केंद्र आणि राज्यं यांच्यातल्या भांडणाची किल्ली त्यात आहे.

हक्कांची सनद आणि प्रचाराचे निबंध

मेसनच्या आग्रहावरून १२ सप्टेंबर १७८७ ला हक्कांची सनद जोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. मग ती आली कशी? मान्यतेच्या आकड्यांत उत्तर आहे. मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. नववं राज्य, न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८ ला आलं. पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कशिवाय संघ कागदावरच राहिला असता. मॅसॅच्युसेट्सपासून 'आधी मान्यता, सोबत दुरुस्त्यांची शिफारस' ही वाट निघाली. ८ जून १७८९ ला मॅडिसनने दुरुस्त्या मांडल्या, काँग्रेसने बारा दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या, त्यातल्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला लागू झाल्या.

वाचताना इथे हमखास पाय घसरतो. या दहा दुरुस्त्या सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला बांधत होत्या, राज्यांना नाही. १८३३ च्या बॅरन विरुद्ध बाल्टिमोर खटल्यात तसा निकालच आहे. राज्यांवर त्या हळूहळू लागू झाल्या त्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे, आणि तेही बहुतांशी विसाव्या शतकात. म्हणून पहिल्या दहांच्या समासात चौदाव्या दुरुस्तीचा संदर्भ लिहून ठेवा. मुळं मात्र जुनी आहेत: आठव्या दुरुस्तीतलं अवाजवी जामीन, अवाजवी दंड आणि क्रूर शिक्षा यांबद्दलचं वाक्य १६८९ च्या इंग्लंडमधल्या हक्कांच्या सनदेतून जवळजवळ जसंच्या तसं आलेलं आहे.

हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी 'पब्लियस' या टोपणनावाने लिहिलेले ८५ फेडरॅलिस्ट निबंध सगळे वाचायची गरज नाही. गटबाजीवर १०, एका महत्त्वाकांक्षेने दुसरीला रोखण्यावर ५१, कार्यकारी प्रमुखावर ७०, न्यायालयांवर ७८ एवढे पुरतात. फक्त हे विसरू नका की तो प्रचार होता, न्यूयॉर्कच्या लोकांचं मन वळवण्यासाठी छापलेला. प्रत्येकासोबत विरोधी बाजूच्या 'ब्रूटस'चा एखादा निबंध वाचा. न्यायालयांच्या वाढत्या सत्तेबद्दलचा त्याचा इशारा ७८ व्या निबंधाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. मॅडिसनची परिषदेतली टिपणंही अमोल आहेत, पण ती प्रसिद्ध झाली १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आणि मधल्या काळात त्याने ती अनेकदा सुधारली होती.

शेवटची सूचना तारखांची. दुरुस्तीपुढे दोन तारखा लिहा, काँग्रेसने पाठवल्याची आणि मान्य झाल्याची. बहुतेकांमध्ये अंतर काही महिन्यांचं किंवा एक-दोन वर्षांचं निघेल. सत्ताविसाव्या दुरुस्तीत मात्र २५ सप्टेंबर १७८९ आणि मे १९९२ अशा तारखा येतील. काँग्रेसने स्वतःचा पगार बदलला तर तो पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा, असं सांगणारी ही दुरुस्ती त्या मूळ बारांपैकी एक. बारांतली उरलेली एक, प्रतिनिधिगृहाच्या आकाराबद्दलची, राज्यांच्या मान्यतेसाठी आजही रीतसर खुली आहे.